आईच्या खात्यातली नोंद



मागच्या वेळी मी बचत गटाच्या वह्यांविषयी बोलले होते. हजेरी, बचत, कर्ज, परतफेड, सगळं ज्या त्या दिवशी लिहा, उद्यावर टाकू नका, असं सांगितलं होतं. नंतर एका गावातल्या बैठकीत एक आजी मला म्हणाल्या, "बाई, वहीतलं खोटं तुमी पेनानं दावता. घरातलं खोटं कुनी दावायचं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येताना एसटीत ते वाक्य माझ्या शेजारी बसून आलं. घरातल्या खोट्याची एक नोंद माझ्याच नावावर आहे आणि ती दोन वर्षं तशीच पडून आहे. आज ती तुमच्यासमोर वाचून दाखवणार आहे.

ही नोंद माझ्या आईची आहे.

माझं माहेर बार्शी तालुक्यात. कोरडवाहू जमीन. तूर, ज्वारी, पाऊस बरा झाला तर कांदा. वडील लवकर गेले. आईनं आम्हा दोघा भावंडांना वाढवलं आणि तीस वर्षं आषाढी वारी केली. गावच्या दिंडीबरोबर चालत जायची, चालत यायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. गटात आल्यावर सही शिकली आणि त्या सहीचा तिला फार अभिमान. सही करताना जीभ दाताखाली धरायची.

आईच्या गटातली एक गोष्ट सांगते, म्हणजे ती कशी होती ते कळेल. एकदा बैठकीत पेटीतले पैसे आणि वही यांच्यात दहा रुपयांचा फरक निघाला. पेटीत दहा रुपये जास्त. बायका म्हणाल्या, जास्तच आहेत ना, राहू द्या, घरी स्वयंपाक पडलाय. आई उठेना. म्हणाली, "कमी असते तर सगळ्या शोधायला लागला असता. जास्त हायत म्हनजे कुनाचे तरी हायत." दिवेलागण झाली तरी तिनं कुणाला हलू दिलं नाही. शेवटी सापडलं. एका म्हातारीनं दंड भरला होता आणि तो लिहायचा राहिला होता. म्हातारीच्या नावावर दहा रुपये चढले तेव्हा आई उठली.

अशा बाईशी आम्ही साडेतीन महिने खोटं बोललो. आणि त्याआधी आठ महिने ती आमच्याशी खोटं बोलली.

आधी तिचं सांगते. तिची पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मग एका मार्गशीर्षात तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. कधी थोडं, कधी जास्त. पांढरं पाणीही जायचं आणि त्याला वास यायचा. तिनं कुणाला सांगितलं नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या घ्यायची आणि धुऊन गोठ्यात कडब्याच्या मागं वाळत घालायची. कंबर दुखते म्हणून वहिनीनं विचारलं तर म्हणायची, "उष्णता हाय, दुसरं काय?" सब्जा भिजवून पाणी प्यायची.

पण एक गोष्ट तिला लपवता आली नाही, आणि ती आम्हाला दिसूनही दिसली नाही. त्या मार्गशीर्षापासून तिनं देवपूजा सोडली. रोज पहाटे अंघोळ करून स्वतः गंध उगाळणारी बाई. तिनं दहा वर्षांच्या नातवाला बसवलं आणि म्हणाली, "पोराला सवय लागू दे." ती उंबऱ्याशी बसून सांगायची, आधी विठ्ठलाला पाणी घाल, मग रखुमाईला, तुळशीला हळूच घाल. आम्हाला कौतुक वाटलं. आजी नातवाला वळण लावते म्हणून मी इथं सासरी बायकांना सांगितलंसुद्धा. ती आठ महिने देवघरापासून चार हात लांब का बसते, हे आमच्यापैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही. अंगावर जातंय म्हणजे विटाळ, आणि विटाळात देवाला शिवायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. तो रोग आहे हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मैत्रिणींनो, सोयराबाईंनी, संत चोखोबांच्या कारभारणीनं, साडेसहाशे-सातशे वर्षांपूर्वी आपल्या अभंगातून हाच प्रश्न विचारला होता. ज्या देहातून सगळ्यांचा जन्म, तो देह विटाळाचा कसा? आई वारकरी. सोयराबाईंचं नाव कीर्तनात कितीदा ऐकलेली. पण ऐकलेलं अंगी लागायला किती वेळ जातो पाहा. आषाढीला ती त्या अंगानंच चालत गेली. पंढरपुरात पोचली, चंद्रभागेत पाय धुतले आणि रांगेत उभी न राहता कळसाचं दर्शन घेऊन परत आली. "गर्दी लई व्हती," म्हणाली. तेही आम्ही खरं मानलं.

श्रावणात वहिनीला गोठ्यात त्या घड्या दिसल्या. वहिनी शहाणी. ओरडाआरडा केली नाही. रात्री आईच्या पायाशी जाऊन बसली आणि विचारलं. आई आधी चिडली, मग रडली. दुसऱ्या दिवशी तालुक्याला दाखवलं, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तुकडा काढून तपासायला दिला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. लघवीच्या पिशवीपर्यंत पोचलेला. डॉक्टरांनी दादाला आणि मला आत बोलावलं. पूर्ण बरं होणं अवघड आहे, पण लाईट देऊन रक्तस्राव आणि दुखणं कमी करता येईल, असं सांगितलं. आई बाहेर बाकावर बसली होती. पिशवीतून शेंगदाणे काढून शेजारच्या बाईच्या पोराला देत होती.

बाहेर यायच्या आधी दादा मला म्हणाला, "आईला कळता कामा नये. ऐकूनच मरंल ती." मी मान हलवली. मी बीए झालेली, चाळीस गावांत बायकांना खरं बोला म्हणून सांगत फिरणारी, मी मान हलवली. आणि बाहेर येऊन पहिलं खोटं मीच बोलले, "पिशवीला सूज आहे आई. शेक द्यायचाय. बरं होईल."

एक खोटं बोललं की त्याला सांभाळायला दहा लागतात, हे आपण गटात नेहमी पाहतो. एक हप्ता खोटा लिहिला की पुढचे सगळे खोटे लिहावे लागतात. आमच्या घरी तेच झालं. फाईल धान्याच्या कणगीमागं लपवली. नातवाला बोर्ड वाचता येतो म्हणून त्याला दवाखान्यात न्यायचं बंद केलं. तो रडला, कारण आजी त्याच्याशिवाय कुठं जात नसे. शेजारणी बघायला आल्या की वहिनी दारातच चहा देऊन त्यांना परत पाठवायची, कुणाच्या तोंडून निसटायला नको म्हणून. आईजवळ कुणी बसायचं बंद झालं. आम्ही सुद्धा. तिच्याकडे पाहिलं की डोळ्यांत पाणी येई, म्हणून आम्ही काहीतरी काम काढून उठायचो. जिला जपायचं म्हणून खोटं बोललो, तिलाच त्या खोट्यानं एकटं पाडलं.

आणि मावशीला कळवलं नाही. ही सगळ्यात मोठी चूक.

आई आणि मावशी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. आजोबांच्या जमिनीवरून. मामानं दोघी बहिणींकडून हक्कसोड मागितली. आईनं सही दिली. भावाचं दार उघडं राहावं, पोरांना आजोळ राहावं, एवढाच तिचा हिशेब. मावशीनं सही दिली नाही. बापाच्या जमिनीत लेकीचा मुलाइतकाच हक्क आहे, २००५ सालापासून कायद्यात तसं लिहिलंय, असं तिनं तोंडावर सांगितलं. सगळे तिला नावं ठेवायला लागले आणि आई गप्प बसली. मावशीला राग मामाचा नव्हता, आईच्या गप्प बसण्याचा होता. तेव्हापासून येणं-जाणं बंद.

त्या आजारपणात आई दर चार दिवसांनी म्हणायची, "बरी झाले की धाकटीकडं जाऊन येईन." आणि आम्ही म्हणायचो, "जा की. आधी बरी हो." मैत्रिणींनो, 'बरी झाल्यावर' हा शब्द आम्ही किती सहज वापरला. ज्या हप्त्याला तारीखच नाही, तो हप्ता आम्ही तिला कबूल करत होतो.

कार्तिकी एकादशीची रात्र होती. दिंडी गेलेली, गाव सुनं. मी माहेरी राहायला होते. आईचा उपास, ती ऐकत नव्हती, म्हणून राजगिऱ्याची खीर केली होती. चार चमचे खाल्ली तिनं. मग मला म्हणाली, "दार लाव आन हितं बस." मी बसले. ती म्हणाली, "तू गटाची वही बरोबर लिहितीस न्हवं?" मी म्हटलं, हो. "मग माझ्या खात्यात खोटी नोंद का गं लिहिलीस?"

मला काही सुचेना. ती शांत होती. म्हणाली, "लाईटच्या रांगंत बसायचे तवा बाया काय मुक्या असत्यात व्हय? पहिल्याच आठवड्यात एकीनं इचारलं, तुमचा कुठला कॅन्सर? मी म्हनलं, सूज हाय. ती हसली. म्हनली, आमाला बी आदी सूजच व्हती."

म्हणजे साडेतीन महिने तिला सगळं माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "दादाचं तोंड बगितलंस का? तुमी मला जपत व्हता, म्हनून मी तुमाला जपत व्हते."

मी खूप रडले. आणि रडता रडता माझ्या तोंडून निघून गेलं की तीस वर्षं चाललीस त्याच्यासाठी, त्यानं हेच दिलं का तुला? त्या वेळी माझा विठ्ठलावर फार राग होता. देवघरासमोर हात जोडायचे तेही सवयीनं. आई उठून बसली. दुखत असूनही उठून बसली आणि म्हणाली, "मी काय मागायला चालत व्हते व्हय? त्यो काय बँक हाय, इतके हप्ते भरले म्हनून इतकं कर्ज द्यायला? मला चालताना बरं वाटायचं. सोबत असायची. तेवढंच व्हतं, आन ते मला मिळालंय."

तेव्हापासून श्रद्धा म्हणजे काय, याचा विचार मी आईच्या या बोलण्यावरून करते. नवस बोलू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. ज्याची त्याची रीत. पण संकट आलं म्हणून देव खोटा आणि संकट टळलं म्हणून देव खरा, असा हिशेब आईनं कधी ठेवला नव्हता. उलट तिचं म्हणणं असं की देवासमोर आपण खरं असावं, बाकी त्याचं तो बघेल. मी तिला विचारलं, मग आठ महिने देवघरापासून लांब का बसलीस? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तितं चुकलं माझं. त्याच्यापसनं लपवायचं काय व्हतं? त्याला काय ठाव न्हवतं व्हय?" पहाटे तिनं मला हाताला धरून उठवायला लावलं, पाटावर बसली आणि स्वतःच्या हातानं विठ्ठलाला अंघोळ घातली. अंगावर जात होतंच तेव्हाही. नातू शेजारी बसून तिला सांगत होता, आजी, तुळशीला हळूच घाल.

त्या रात्री तिनं माझ्याकडं तीन गोष्टी मागितल्या. एक, धाकटीला बोलवा. दोन, एकदा पंढरपूरला न्या, लांबून कळस दाखवला तरी चालेल. तीन, "बायांना सांग. म्हनावं, उष्णता उष्णता म्हनून घरात बसू नका. माझं नाव घिऊन सांग."

मावशी तिसऱ्या दिवशी आली. पिशवीत तुरीच्या शेंगा घेऊन. दारात उभी राहून तिनं आईकडं पाहिलं आणि काहीच न बोलता शेंगा उकडायला ठेवल्या. दोघी जणी सोलत बसल्या. आई म्हणाली, "तू बरुबर व्हतीस. मी सही द्यायला नगं व्हती, आन दिली तर दिली, तुला नावं ठेवत्यात तवा गप बसायला नगं व्हतं." मावशी म्हणाली, "खा आता." बस, एवढंच बोलणं झालं अकरा वर्षांच्या भांडणावर. पण पंधरा दिवस मावशी तिथून हलली नाही. एकदा मी चहा घेऊन गेले तर मावशी मागच्या दारी येऊन मला म्हणाली, "अकरा वर्षं मी आन तुझी आई येडी व्हतो, ते आमचं आमी भोगलं. पर हे साडेतीन महिने तुमी घालवलेत. ते मला कुनी द्यायचं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

पंढरपूर राहिलं. दादानं जीप सांगितली होती, पण तोवर आईला बसवेना. कार्तिकातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी आई गेली. मावशी उशाशी होती, दादा पायाशी होता, मी पाणी आणायला उठले होते.

आता तिसऱ्या मागणीचं सांगते. दहाव्याला माणसं जमली. कशानं गेल्या, कुणीतरी विचारलं. दादा म्हणाला, "झटक्यानं." मी शेजारी उभी होते. तिनं नाव घेऊन सांग म्हटलं होतं आणि मी गप्प राहिले. बाईच्या त्या जागेचा आजार, चार माणसांत कसं सांगायचं, ही लाज. आईच्याच लाजेनं तिचा घात केला आणि तीच लाज मी पुढं चालवली. दोन वर्षं.

गेल्या महिन्यात माझ्या एका गटात एक बाई बैठकीला येईना. घरी गेले. म्हणाली, कंबर दुखते, अंगावर जातंय, उष्णता आहे, सब्जा घेते. तोच शब्द. तोच सब्जा. माझ्या पोटात खड्डा पडला. मी तिथंच बसून तिला आईचं सगळं सांगितलं, कडब्यामागच्या घड्यांपासून. आणि त्याच आठवड्यात गटाच्या बैठकीतही सांगितलं. ती बाई माझ्याबरोबर तपासणीला आली. तिचं निदान झालंय, उपचार सुरू आहेत आणि डॉक्टर म्हणाले की वेळेत आणलंत. तिचं नाव मी सांगत नाही, पण ही गोष्ट सांगायला तिनं परवानगी दिली आहे. मग मी दादाला फोन केला. म्हटलं, रेडिओवर सांगणार आहे, आईचं. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "सांग. मला दहाव्यालाच सांगायला पायजे होतं."

आता आईनं सांगायला लावलेलं नीट सांगते. जवळ कागद असेल तर लिहून घ्या.

पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावर गेलं, दोन पाळ्यांच्या मधे गेलं, नवरा-बायकोच्या संबंधानंतर रक्त गेलं, घाण वासाचं पाणी जात राहिलं, ओटीपोट किंवा कंबर सारखी दुखत राहिली, तर ती उष्णता समजून बसू नका. दर वेळी तो कॅन्सरच असतो असं नाही, पुष्कळदा साधं कारण निघतं. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं, आपण घरी ठरवायचं नाही.

हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो. हे ऐकून कुणी कुणाच्या चारित्र्यावर बोट दाखवू नये. हा विषाणू इतका सर्रास आढळतो की लग्न झालेल्या कुठल्याही बाईच्या शरीरात तो येऊन जाऊ शकतो आणि बहुतेक जणींच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. काहींच्या शरीरात तो राहतो आणि त्यातून कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे तेवढी वर्षं आपल्याला पकडायला मिळतात. त्यासाठीच तपासणी.

तपासणी सोपी आहे. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावतात आणि मिनिटभर थांबून पाहतात. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी करतात. भूल नाही, कापाकापी नाही. तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईनं, काही त्रास नसला तरी, दर पाच वर्षांनी ती करून घ्यावी, असं सरकारी कार्यक्रमातच सांगितलं आहे. आपल्या भागात ती कुठल्या दिवशी आणि कुठं होते, ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी लस आहे, तिचीही चौकशी करा. लस घेतलेल्या मुलींनीही पुढं मोठं झाल्यावर तपासणी करायचीच आहे. आणि रोग निघालाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जा, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

एक गोष्ट मला आई गेल्यानंतर कळली आणि फार लागली. खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवणारी देशातली पहिली नोंदणी आपल्या बार्शीतच १९८७ साली सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत फिरून माणसांनी या नोंदी केल्या. पुढं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, एक लाखाहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असं त्यातून २००९ साली पुढं आलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचलं. आपल्याच शिवारातल्या, आपल्यासारखीच लुगडी नेसणाऱ्या बायकांनी जगाला ही गोष्ट शिकवली. आणि त्याच शिवारात माझी आई सब्जाचं पाणी पीत बसली होती.

आता राहिला प्रश्न खरं सांगण्याचा. घरात कुणाला मोठा आजार निघाला तर सांगायचं की नाही? मी काही डॉक्टर नाही. दादाचं मन वाईट नव्हतं, हेही मला माहीत आहे. एका बैठकीत एक जण म्हणाली, माझ्या सासऱ्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी त्या दिवसापासून जेवण सोडलं. हेही खरं आहे. दगड मारावा तसं खरं फेकायचं नसतं. पण मला एवढं कळलं की आधी त्या माणसाला विचारावं. तुला काय वाटतं, काय झालं असेल? तुला सगळं जाणून घ्यायचंय का? तो नको म्हणाला तर नको. हो म्हणाला तर थोडं थोडं सांगावं, हात हातात घेऊन सांगावं, आणि सांगून उठून जाऊ नये. आम्ही आईला एकदाही विचारलं नाही. तिच्या आयुष्याची वही होती आणि तिच्यावाचून आम्ही लिहीत होतो. विचारलं असतं तर पंढरपूर झालं असतं. साडेतीन महिने मावशीला मिळाले असते.

पुढच्या आषाढीला मावशी आईच्या जागी दिंडीत चालली. मीही आता दरवर्षी दोन मुक्काम तरी चालते. विठ्ठलावरचा राग गेला का, असं विचाराल तर पूर्ण गेला असं म्हणणार नाही. पण आता त्याच्यासमोर उभी राहते तेव्हा रागही लपवत नाही. आईनं तेवढं शिकवलं.

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. बचत आणि हप्ते झाले की वही मिटायच्या आधी अध्यक्षांनी एवढंच विचारावं, कुणी काही अंगावर काढतंय का? पहिल्या बैठकीला कुणी बोलणार नाही. दुसऱ्या बैठकीलाही विचारा. आणि पेटीत दहा रुपये जास्त निघाले तर, माझ्या आईसाठी, ते कुणाचे आहेत ते शोधल्याशिवाय उठू नका.

रामकृष्ण हरी.